धुणं वाळवणारी युद्धनौका

समुद्रात जायला मिळालं असतं, तर माझ्या पदरात काय पडलं असतं? थोडी वाहवा, सैनिकांच्या बुटांचा चिखल आणि निरोपाला हलणारे हातरुमाल. एवढ्याशासाठी मी आजही जळते. मित्रांनो, मी एक जुनी खोटी नौका आहे. पोलादी नळ्या, रंगवलेलं कापड आणि तळाशी तेलाची रिकामी पिंपं, एवढाच माझा देह.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या वसंतात इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एका नदीत आम्हा खोट्या नौकांची रांग उभी केली. फ्रान्सवरची चढाई इथूनच निघणार, असं शत्रूच्या विमानांना वरून वाटायला हवं होतं. खरी तयारी दक्षिणेला चालली होती. नेमकी माझ्याच शेजारी, पुढचं दार उघडून सैनिकांना शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवणारी एक खरी नौका दुरुस्तीला येऊन थांबली. तिचं सुकाणू गावातल्याच विल्फच्या हाती. त्याची आई, गॅरडबाई, सैनिकांचे कपडे धुवायच्या. जाता-येता त्या तिच्या पोलादावरून हात फिरवत. आणि मी? वारा सुटला की उडून कुरणात पडे, मग गाई मला हुंगत.

“धरा रे तिला! युद्धनौका आहे की आजीची टोपी?” आमची राखण करणारा सार्जंट पास्क ओरडे.

ती खरी नौका दक्षिणेला निघाली तेव्हा सारं गाव धक्क्यावर लोटलं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आमच्यावर माणसं राहतात असं दिसावं म्हणून गॅरडबाई आमच्या दोऱ्यांवर धुणं वाळत घालत. रविवारी मात्र दोऱ्या रिकाम्या. त्या गावात रविवारी धुणं बाहेर टाकणं म्हणजे अब्रू वेशीवर टांगणं. हे आजवर पास्कच्या ध्यानात आलं नव्हतं. जूनच्या पहिल्या रविवारी तो धावत आला.

“बाई, कपडे कुठायत?”

“टोपलीत. आज रविवार आहे, साहेब. चर्चमध्ये कुणी शेजारी बसू देईल का मला?”

“अहो, सगळ्या नौकांवरच्या चड्ड्या एकदम गायब! वरून बघणारा काय समजेल?”

“हेच, की इथली माणसं देवाला मानतात.”

“तो समजेल, नौका रिकाम्या आहेत. मग त्याच्या तोफा इथली वाट बघायची सोडून...” पास्कनं जीभ चावली.

बाई थबकल्या. “सोडून कुठं? माझा विल्फ गेलाय तिकडं?”

“मी काही बोललो नाही हं.”

“बोलूच नका. ते चिमटे द्या इकडं.”

त्या दिवशी माझ्यावर इतकं धुणं चढलं की मी वाकले. चर्चहून परतणाऱ्या बायकांनी तोंडं फिरवली. दोनच दिवसांनी दक्षिणेकडून चढाई झाली. तरी खरा हल्ला अजून यायचाय, या समजुतीनं शत्रूचं मोठं सैन्य कित्येक आठवडे आमच्या समोर, समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर बसून राहिलं. बाई दर रविवारी धुणं घालत राहिल्या आणि चर्चमध्ये एकट्या बसत राहिल्या.

ती खरी नौका परतली, अंगभर गोळ्यांची भोकं मिरवत. तिला संग्रहालयात छप्पर मिळालं, पितळी पाटी मिळाली, शाळेच्या मुलांची रांग मिळाली. मी एका शेतात कोंबड्यांचं खुराडं झाले. जळू नको तर काय करू?

विल्फही परतला. पण तिच्याकडे तो कधी फिरकला नाही. माझ्याच कापडाला टेकून बसे.

“अरे, तुझी नौका तिकडं आहे. या कोंबड्यांत काय बसतोस?” आईनं एकदा विचारलं.

“हिच्यातून कुणाला उतरावं लागलं नाही, आई,” तो म्हणाला. “तिचं दार मी उघडलं. उतरणाऱ्यांची पुढची रांग पाण्यातच राहिली.”

मित्रांनो, माझं कापड शिवा, तिचं पोलाद पुसा. जुन्या वस्तू सांभाळा. पण त्या पाटीपाशी जरा थांबा. तिच्यावर नौकेचा क्रमांक आहे, पुढच्या रांगेतलं एकही नाव नाही. तिला मान मिळाला, मला कोंबड्या, बाईंना मुलगा. किंमत मोजली ती त्या रांगेनं.