दोनशे आठ ठोके

बावीस वर्षांपूर्वी मामाच्या थ्रॅश मेटल बँडने, म्हणजे सुसाट वेगाचं रॉक वाजवणाऱ्या तिघांनी, एकच अल्बम काढला आणि बँड फुटला. आता तिघेही पुन्हा एकत्र आले होते. नव्या अल्बमची आठ गाणी झाली. नववं, म्हणजे जुन्याच गाण्याचं नवं रेकॉर्डिंग, अडलं. जुन्या अल्बमवर त्याचा वेग मिनिटाला दोनशे आठ ठोके. ड्रमवर बसलेला मामा एकशे अठ्ठ्याण्णवच्या पुढे सरकत नव्हता.

"वय झालं म्हण की," गायक म्हणाला. "उरलेला वेग कॉम्प्युटर वाढवेल. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळेल ना." मामा मनगटाला पट्टी गुंडाळत होता. "माझे हात पुरले नाहीत, तर हे गाणं अल्बमवर नको."

मी नुकतीच भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली. मामा नेमका कुठे मागे पडतो ते पाहायला मी जुनं गाणं कॉम्प्युटरवर तपासायला घेतलं. सुरुवातीच्या दीड सेकंदाच्या शांततेत अँप्लिफायरची घरघर ऐकू येते. आपल्याकडच्या विजेची घरघर सेकंदाला पन्नास कंपनांची असते. माझ्या पडद्यावर बावन्न. तीनदा मोजलं. गिटारचा सूरही तेवढाच चढा. त्यांनी उसनं आणलेलं टेप मशीन रेकॉर्डिंगच्या वेळी हळू फिरलं होतं, म्हणून नेहमीच्या वेगाच्या मशीनवर अल्बम चार टक्के जास्त वेगाने वाजत होता.

"मामा, तू तेव्हा दोनशेनेच वाजवलं होतंस."

त्याने पडद्यावरचा आकडा स्वतः वाचून पाहिला. "म्हणजे एवढी वर्षं मी फुकटचा भाव खात होतो."

"मग सुटलो की," गायक खूश झाला. "दोनशेने वाजव."

"आणि खारूताई? ती माझ्या डोळ्यांदेखत दोनशे आठने वाजवते."

खारूताई हे एका चोवीस वर्षांच्या ड्रमरचं टोपणनाव. दिवसा दातांच्या दवाखान्यात काम करते. शाळेपासून मामाचा अल्बम लावून सराव करत आलेली. दुसऱ्याच दिवशी मामा मला घेऊन तिच्या सरावाच्या खोलीवर गेला.

तिने त्याचे चार फटके पाहिले. "काका, तुम्ही सगळं मनगटाने मारता."

"मग कशाने मारू, कपाळाने?"

"बोटांनी. काठी आपोआप उसळते, तिला नुसतं परत ढकलायचं. तुम्हीही असंच करत असाल असं वाटलं, म्हणून दोन वर्षं घासून शिकले."

"मी असलं काही करत नव्हतो," मामा म्हणाला. "आता दाखव."

सात आठवडे तो रोज कामावर जाण्याआधी तिच्याकडे गेला. मी त्याच्या वेगाचा आलेख काढत होते. तिसऱ्या आठवड्यात रेषा खाली आली, तरी तो थांबला नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी एकोणिसाव्या प्रयत्नात तो गाण्याच्या टोकापर्यंत पोचला. मी मोजलं: सगळीकडे दोनशे आठ, शेवटच्या चार ओळींत दोनशे सहा.

"तेवढं सरळ करून देऊ?" रेकॉर्डिंग करणाऱ्याने विचारलं.

"हात लावू नको," मामा धापा टाकत म्हणाला. "दमलेला माणूस असाच वाजवतो."

अल्बमवर ते तसंच आहे. खारूताई सध्या दोनशे बाराच्या मागे लागली आहे.