मुदखेडच्या फलाटावरचा माणूस

भिंत रिकामी राहिली तरी चालेल, पण ते सात पांढरे घोडे माझ्या हॉलमध्ये धावणार नाहीत, असं मी आमच्या अमृतरावांना स्वच्छ सांगून टाकलं होतं. लातूरला नवं घर बांधलं आणि सोफ्यासमोरच्या त्या एका भिंतीवर सगळ्या गोतावळ्याचा डोळा. नणंदेला तिथं धबधबा हवा होता, मागून दिवा लागणारा. अमृतरावांना घोडे हवे होते, कारण त्यांच्या दुकानाशेजारच्या वास्तूवाल्यानं सांगितलं होतं की घोडे आत तोंड करून धावले की बरकत येते. मी म्हटलं, "घोडे आत आले तर लीद कोण काढणार?" त्यावर नवरोबा ताट उचलून आतल्या खोलीत जेवायला गेले.

मला हातानं काढलेलं चित्र हवं होतं. एकच, पण कुणीतरी जीव लावून काढलेलं, ज्याची दुसरी प्रत शेजारच्या घरात नसेल. मी शिकवणीच्या वर्गात जीवशास्त्र शिकवते. छापील आकृत्या बघून बघून डोळे विटलेत. मोबाईलवर मोठ्या शहरातल्या चित्रांच्या किमती बघितल्या आणि हसून मोबाईल बाजूला ठेवला. तेवढ्यात वर्गातल्या एका मॅडमनी सांगितलं, नांदेडला चित्रकलेच्या पोरांचं प्रदर्शन लागलंय, अस्सल हातची चित्रं, फ्रेमसकट, आपल्याला झेपतील अशी.

सोमवारी मला सुट्टी होती. अव्वाला बरोबर घेतलं. अव्वा म्हणजे माझी आई, कमलम्मा. वडील गेल्यापासून माझ्याकडेच असते. बरोबर घेतलं म्हणजे काय, ती निघणारच होती. माझा धाकटा भाऊ मल्लेश सहा वर्षांपूर्वी उदगीरच्या घरातून "नांदेडला जाऊन येतो" म्हणून निघाला आणि आला नाही. भांडण नाही, आजार नाही, कुणाशी काही नाही. करायचं ते सगळं केलं. तेव्हापासून अव्वा दर सोमवारी पूजा आटोपून पिशवी घेते आणि निघते. परळी, पूर्णा, परभणी, लातूर रोड, जिथं गाडी थांबेल तिथं उतरते आणि फलाटावर झोपलेल्या माणसांच्या तोंडावरची चादर उचलून बघते. मार खाता खाता वाचलीय. मला या सगळ्याचा वीट आला होता. "अव्वा, बस कर आता," मी तोंडावर म्हणायची. ती म्हणायची, "तुझा भाऊ हाय, माझं पोरगं हाय. फरक हाय त्यात."

प्रदर्शन एका लांबट हॉलमध्ये होतं. टेबलावर अश्वजित नावाचा एक विद्यार्थी बसला होता, चित्र दाखवायला आणि पावती फाडायला. अव्वाला मी खुर्चीवर बसवलं आणि फिरायला लागले. कंधारचा किल्ला चौघांनी काढला होता आणि चौघांचाही पडलेला होता. एका म्हाताऱ्या बाईचे नुसते पाय होते, भेगाळलेले, जोडवी घातलेले. ते मला फार आवडले. अमृतरावांना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "पाय कोण लावतं घरात?" शेवटी मी हळदीच्या शेताच्या एका चित्रापाशी येऊन थांबले. पिवळं, शांत, कुणाला खुपणार नाही असं. किमतीवरून अश्वजितशी घासाघीस सुरू केली. जरा जास्तच ताणलं, मला सवय आहे.

मागून अव्वाचा आवाज आला. "नन मगा."

माझा लेक. उदगीरच्या घरातली ती कानडी तिच्या तोंडून फक्त मल्लेशसाठी निघायची.

ती खुर्चीवर नव्हती. हॉलच्या टोकाला, एका मध्यम आकाराच्या चित्रासमोर उभी होती. जलरंगातलं चित्र, काचेच्या फ्रेममध्ये. रेल्वेचा फलाट, पाण्याचा नळ, रिकामं बाकडं, उतरतं ऊन. आणि खांबाला टेकून, पाय पसरून बसलेला एक माणूस. दाढी वाढलेली, तिच्यात पांढरे केस, गाल बसलेले, शेजारी गाठोडं. मी आधी नेहमीसारखी चिडले. मग त्याचा कान दिसला. मल्लेशचा उजवा कान वरून दुमडलेला होता, जन्मापासूनच. लहानपणी मी तो दुमडून दुमडून त्याला छळायची. चित्रातला कान तसाच होता. नाक तेच, जिवणी तीच.

"हे कुणी काढलं?" मी ओरडलेच असणार, कारण अश्वजित धावत आला.

"कहकशांचं हाय, मॅडम. मुदखेडची हाय ती. तिथं फलाटावर बसून काढते, समोर बघून. आमच्या वर्गात तिच्याएवढं कोण बसतच न्हाई."

"समोर बघून?"

"हाव. दोन महिने रोज जात होती."

अव्वानं माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली. कहकशांचा फोन बंद होता. अश्वजितनं पत्ता दिला: मुदखेडला स्टेशनजवळ चांदबीचं बांगड्यांचं दुकान, ती तिची आजी. अव्वा चित्र सोडायला तयार नव्हती. मी एका शब्दानंही किंमत न ताणता ते विकत घेतलं आणि हळदीचं शेत तिथंच राहिलं. रिक्षात बसल्यावर अमृतरावांना फोन केला. सहा वर्षं अव्वाला वेड्यात काढणारी मी, मीच म्हटलं, "मल्लेश सापडला. मुदखेडला हाय." पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

मुदखेडच्या फलाटावर चित्रातला नळ होता. बाकडं होतं. खांबही होता, खांबाला टेकून कुणी नव्हतं. आम्ही ते चित्र घेऊन फलाटभर फिरलो, लोकांना वाटलं विकायला आणलंय. चहावाल्यानं ते हातात घेऊन निरखलं. "नळ आपलाच हाय," तो म्हणाला, "माणूसबी बघितल्यासारखा वाटून राहिला. पण असे लई येतात, बाई." बघितल्यासारखा वाटतो, एवढंच पुरे होतं. अव्वा एका बाजूनं निघाली, मी दुसऱ्या. फलाटाच्या टोकाला सावलीत एक माणूस तोंडावर चादर घेऊन झोपला होता. मी वाकले आणि चादर उचलली. तो कुणीतरी भलताच होता. मला शिव्या घातल्या, त्या मी ऐकून घेतल्या आणि पुढच्याची चादर उचलली. आत्ता दिसेल, आत्ता दिसेल, असं छातीत सारखं होत होतं. अव्वा गेली सहा वर्षं हे असं जगत आलीय, हे मला त्या फलाटावर कळलं.

कुणी नव्हतं. मग आम्ही चांदबीचं दुकान गाठलं. दुकानामागेच घर. कहकशां बाहेर आली, विशीची, बारीक, बोटांना निळा रंग लागलेला. आमच्या हातात चित्र बघून तिचा चेहरा असा उजळला की मला पुढचं विचारवेना. "ताई, माझं पहिलंच चित्र विकलं!" ती म्हणाली आणि आतल्या आजीला हाक मारली. चांदबी पाणी घेऊन आल्या.

"हा माणूस कधी बसला होता इथं?" मी विचारलं. "कुठं राहतो? परत दिसला का?"

कहकशांनं चित्राकडे बघितलं. "कोण बसला होता?"

"हा. खांबाला टेकून."

"कोणच बसत न्हाई, ताई," ती हळूच म्हणाली. "गाडी आली की उठून जातात. न्हाई तर मी बघून राहिले म्हणून तोंड फिरवतात. नळ, बाकडं, ऊन, हे मी तिथं बसून काढते. माणसांचं अंगबी काढते. चेहरे मोबाईलमधले लावते. सर रागावतात म्हणून सांगत न्हाई कुणाला."

तिनं मोबाईल काढला. आत शेकडो चेहरे साठवलेले, म्हातारे, पोरं, फकीर, बायका. तिचं बोट सरकत गेलं आणि थांबलं. मल्लेश हसत होता. बिनदाढीचा, फेटा बांधलेला. त्याच्या खांद्यावर एक हात होता, हिरव्या चुड्याचा, कोपरापासून कापलेला. तो हात माझा. फोटो माझ्या लग्नातला. मीच तो कापून, खाली "हरवले आहेत" लिहून, आमचा नंबर टाकून सगळ्या ग्रुपांवर पाठवला होता, आणि पुढे पाठवा म्हणून लोकांच्या हातापाया पडले होते. लोकांनी पाठवला. फिरत फिरत तो इथवर आला होता.

"खाली अक्षरं होती," मी म्हटलं. "नंबर होता."

"हाव. मी कापून टाकली. चेहरा आवडला म्हणून ठेवला." तिचा आवाज बारीक झाला. "लई जुना मेसेज होता, ताई. मला वाटलं, सापडले असतील."

तिच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. मग वाटलं, का? असे मेसेज मलाही येतात. मीही बघते, हळहळते, आणि सापडला असेल म्हणून पुढे सरकते. तिचं काहीएक चुकलं नव्हतं आणि म्हणूनच ओरडायला कुणी उरलं नव्हतं.

अव्वा पुढे सरकली. तिनं काचेवर बोट ठेवलं. "आन ही दाढी?"

"ती मी काढली, आजी. फोटोत लई जवान होते. फलाटावर बसणारा माणूस तसा दिसत न्हाई ना. म्हणून वय वाढवलं."

"पांढरे केस?"

"ते पण मीच."

"गालबी तूच बसवले?"

कहकशां रडायला लागली. चांदबींनी तिला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, "पैसे घेऊन जा, बाई. हे इथंच ठेवा. तसंबी आमच्यात नमाजच्या घरात चेहऱ्याची तस्वीर लावत न्हाईत. कुठंतरी ठेवून देते मी." मला ते पटलं. मी चित्र उचलून त्यांच्या हातात द्यायला गेले.

"न्हाई," अव्वा म्हणाली. "माझं हाय ते."

परतीच्या बसमध्ये ती चित्र मांडीवर उभं धरून बसली. अमृतरावांना फोन करायचं माझ्यानं झालं नाही. वाटलं, घरी जाऊनच सांगावं. तो मूर्खपणा झाला. स्टँडवरून रिक्षानं येऊन दारात उतरलो तर रांगोळी घातलेली, नणंद ओवाळायचं ताट घेऊन उभी, शेजारच्या चार बायका, अमृतराव नवा शर्ट घालून फाटकात. ते रिक्षात डोकावून बघायला लागले. आमच्या मागे तिसरं माणूस बसलेलं असेल म्हणून. मी मान हलवली. नणंदेनं ताटातला दिवा पदरानं विझवला आणि बायका एकेक करून निघून गेल्या.

अव्वानं चित्र भिंतीवर लावायला सांगितलं, हॉलमध्येच, सोफ्यासमोर. अमृतरावांनी काही न विचारता खिळा ठोकला. आठवडाभर आलेगेलेले बघत होते. "छान आहे, ओरिजनल ना? कितीला पडलं?" असं विचारत होते. मी किंमत सांगत होते.

पुढच्या सोमवारी सकाळी मी तिचा डबा भरला. बाटली भरली. पिशवी दाराशी ठेवली. सहा वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं. अव्वाची पूजा चालूच होती, संपेना.

"अव्वा, गाडी चुकेल."

"कुठली गाडी?"

"परळीला जा. न्हाई तर पूर्णेला. मी येते संगं. सुट्टी हाय मला."

"काय करायचं जाऊन?" ती म्हणाली. "मी इतके दिस त्या फेटेवाल्यालाच हुडकत होते, दामिनी. लगनातल्या पोराला. त्याला वय झालं असंल, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. दाढी असंल, गाल बसले असतील. किती येळा त्याच्या तोंडावरची चादर उचलून, हा न्हाई म्हणून मी पुढं गेले असंन."

"म्हणूनच चल ना," मी म्हटलं. "आता माहीत झालंय कसा दिसत असेल. चल, अव्वा. मी रजा काढते, महिनाभर काढते." मी तिचे पाय धरले होते. सहा वर्षं तिला थांब म्हणणारी मी. ती फिरत होती तोवर माझा भाऊ कुठंतरी होता. मी वर्गात शिकवत होते, टाइल्स निवडत होते, भिंतीवर काय लावायचं म्हणून भांडत होते, ते सगळं तिच्या त्या फिरण्याच्या जोरावर. तिनं थांबून चालणार नव्हतं.

अव्वानं पाय सोडवून घेतले. देवघरातली विभूती बोटांना लावली, हॉलमध्ये आली, टाचा उंचावल्या, आणि काचेवर त्याच्या कपाळाच्या जागी तीन बोटं आडवी ओढली. आमच्यात असं फक्त गेलेल्या माणसाच्या फोटोला लावतात.

"पुस ते," मी म्हटलं. "अव्वा, पुस."

तिनं बोटं पदराला पुसली.

"आता रोज लावायचं," ती म्हणाली. "मी इसरले, तर तू लाव."