घरात दोनच मनगटं

मी एक जुनं स्मार्ट घड्याळ आहे. मित्रांनो, आमच्या जातीत जुनं व्हायला फार काळ लागत नाही. किल्लीचं घड्याळ आजोबांकडून नातवाकडे जातं आणि तरी टिकटिकतं. आम्हाला मात्र बालवाडीतलं मूल चौथीत जाईपर्यंत म्हातारपण येतं. आणि म्हाताऱ्याच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास नसतो. माझाही कोणावर नाही, म्हणजे फिट्टंफाट.

तसा संशय घेणं हे माझं कामच आहे. माणूस जरा वेळ खुर्चीत स्वस्थ बसला की मला वाटतं, हा आता काही उठत नाही. मग मी त्याच्या हाताला गुदगुल्या करतो. एकदा नाटक संपल्यावर आमच्या काकूंनी अशा जोरात टाळ्या वाजवल्या, की मी लगेच विचारलं, 'पडलात का?' शेजारची बाई हसली. हसू दे. विचारलेलं बरं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी मऊ डब्यात बसून पुण्यात आलो आणि आमोदच्या मनगटावर चढलो. आमोद कंपनीत कामाला. काय माझं कौतुक! रोज पहाटे पळायचा आणि ऑफिसात मला सगळ्यांपुढे नाचवायचा. पुढे पळणं थांबलं, माझ्या काचेवर ओरखडा पडला आणि बाजारात माझा धाकटा भाऊ आला. मग आमोद एका रविवारी कोथरूडला आईकडे गेला आणि म्हणाला, "आई, हे तू वापर. एकदम चांगलं आहे."

मित्रांनो, एकदम चांगली वस्तू कोणी सहजासहजी देऊन टाकत नाही. पाणी कुठेतरी मुरत असतं. इथे ते माझ्या बॅटरीत मुरत होतं.

आमोदची आई म्हणजे नीरजाकाकू, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला मायेनं पुसलं आणि हातावर बांधलं. त्यांचे यजमान बाळकाका विमा कंपनीतून निवृत्त. ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, "मनगटावर हवालदार कशाला बांधून घेतेस?"

त्याच क्षणी मी ठरवलं, या गृहस्थांवर नजर ठेवायची.

काकूंचा एक नियम होता. दुपारचं जेवण झालं की वामकुक्षी. आणि झोपताना अंगावर यंत्र नको. मग त्या मला बाहेरच्या खोलीत तिवईवर चार्जरला लावायच्या आणि आत जाऊन पडायच्या. चहाच्या वेळेपर्यंत माझं पोट भरायचं. मग संध्याकाळी आम्ही दोघं टेकडीवर फिरायला. किती सुखाचे दिवस होते ते!

पण एका दुपारी वेगळंच घडलं. काकूंचा डोळा लागला आणि बाळकाका चवड्यांवर चालत बाहेर आले. आतल्या दाराकडे एकदा बघितलं. मला चार्जरवरून उचललं आणि पट्टा शेवटच्या भोकात अडकवून स्वतःच्या मनगटावर बांधलं. हवालदार म्हणणारा माणूस मला चोरून बांधतो? मला घाम फुटायचा तेवढा बाकी होता. वाटलं, बायकोचे निरोप वाचायचे असतील. नाहीतर माझी बॅटरी संपवून मला घरातून हाकलायचा डाव असेल.

त्यांनी निरोप वाचले नाहीत. त्यांनी नाडी बघितली. परत बघितली. दोन खोल्या हळूहळू चालून आले आणि परत बघितली. ती नाडी काही सरळ नव्हती. मध्येच धावायची, मध्येच अडखळायची, एखादा ठोका गिळून टाकायची. मी हाताला धक्का देऊन लिहून दाखवलं की ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना भेटा. काकांनी ते बोटानं पुसलं. "गप रे," असं पुटपुटले आणि मला परत तिवईवर ठेवलं.

हे रोज व्हायला लागलं. भरायच्या वेळी मी राबत होतो. नाडी मोजायचा माझा हिरवा दिवा सारखा जळायचा, काच सारखी उजळायची. आधीच माझी बॅटरी थकलेली. संध्याकाळी टेकडी अर्धी चढतो न चढतो, तोच माझे डोळे मिटायचे. काकू म्हणायच्या, "अरे, आत्ता तर जेवलास ना!"

आणि एक दिवस काकूंनी फोनवर माझी नोंद बघितली. दुपारची नाडी! तीही वेडीवाकडी. त्या तर तेव्हा गाढ झोपलेल्या आणि मी चार्जरवर. रविवारी आमोद आला तेव्हा त्यांनी ती त्याच्यापुढे धरली.

आमोद मोठ्यानं हसला. "आई, चार्जरवर ठेवलेल्या घड्याळाला नाडी कुठून येणार? सेन्सर कामातून गेलाय. फेकून दे, मी नवीन घेतो."

बाळकाका पेपर वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं. ते म्हणाले, "आमोद म्हणतो ते बरोबर आहे. जुनं यंत्र ते. काहीही बरळतं."

मित्रांनो, मला असा राग आला म्हणून सांगू! जगात एकाच माणसाला ठाऊक होतं की मी खरं बोलतोय, आणि तोच मला खोटारडा ठरवत होता. माझी अब्रू गेली ती गेलीच. पण मी खोटा ठरलो, तर ती अडखळणारी नाडीही खोटी ठरणार होती. मग तिच्याकडे कोण बघणार? मला काकांचा संशय येत होता तो येतच होता, पण आता भीतीही वाटायला लागली.

काकू मात्र गणिताच्या बाई. त्या म्हणाल्या, "फेकायचं नंतर बघू. आधी बॅटरी बदलू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चूक कुठे आहे ते कळतं."

दुसऱ्या दिवशी त्या मला सदाशिव पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदाराचं नाव मच्छिंद्र. त्यानं मला उलटसुलट केलं.

"बॅटरी थकलीय. बदलतो. पण मागचा गोंद एकदा सुटला की पहिल्यासारखा बसत नाही. पाण्यापासून जपा."

"बॅटरी चांगली टाकाल ना?" काकूंनी विचारलं.

"नाही, खराब मुद्दाम शोधून ठेवलीय," मच्छिंद्र म्हणाला आणि भिंग डोळ्याला लावलं.

काकू स्टूल ओढून समोरच बसल्या. त्याच्या हातावरून त्यांनी नजर हलवली नाही. मला ऊब देऊन, काच सैल करून त्यानं माझं पोट उघडलं. जुनी बॅटरी बाहेर आली, नवी आत गेली. नवी खरी की नकली, हा संशय मला अजूनही अधूनमधून येतो. खोटं कशाला बोलू?

"आणि हे दुपारी भलतीच नाडी दाखवतं, ते हो?" काकूंनी विचारलं.

"त्याचं मला विचारू नका, बाई. मी घड्याळं उघडतो, माणसं नाही."

नव्या बॅटरीनं मला तरतरी आली. त्या संध्याकाळी टेकडीच्या माथ्यावर जाऊन परत घरी येईपर्यंत मी टक्क जागा होतो. काकू हरखल्या. पण दुसऱ्या दुपारी बाळकाका परत चवड्यांवर आले. संध्याकाळी काकूंनी फोन बघितला, तर मी अर्धाच भरलेला आणि ती वेडीवाकडी नाडी जिथल्या तिथे.

काकू स्वयंपाकघरात दूध तापवत उभ्या होत्या. मी त्यांच्या मनगटावर होतो, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं. त्या स्वतःशीच बोलत होत्या. "बॅटरी नवी. चार्जर बरा, कालच त्याच्या प्लगवर माझा फोन भरला. मग उरलं काय? घरात दोनच मनगटं. एक माझं. ते झोपलेलं होतं."

आणि मित्रांनो, इतके दिवस शांत चालणारी काकूंची नाडी एकदम धावत सुटली. दूध उतू गेलं तरी त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दुपारी त्यांनी रोजच्यासारखं मला तिवईवर ठेवलं आणि आत जाऊन पडल्या. काका आले. मला बांधलं. पहिली नाडी बघतात न बघतात, तोच दारातून आवाज आला.

"काय दाखवतंय?"

काका दचकले. "काही नाही. वेळ बघत होतो."

"वेळ भिंतीवर आहे."

काकांनी हात मागे घेतला. काकू जवळ आल्या, तो हात धरून पुढे ओढला आणि माझ्याकडे बघितलं. मी जे होतं तेच दाखवलं.

"अहो, कधीपासून हे?"

"अगं, होतं थोडं धडधड. वयाचं असतं."

"वयाचं असतं तर चोरून कशाला बघता?"

काका खुर्चीत बसले. मग म्हणाले, "लेकीचं, स्पृहाचं, पहिलं बाळंतपण. बंगळुरूचं तिकीट काढून बसलीयस तू. डिंकाचे लाडू काय, दुपटी काय. पोरगी रोज विचारते, आई कधी येणार. मला काही निघालं असतं तर तू गेली असतीस? म्हटलं, तू जाऊन ये. तोवर मी बघतो रोज, वाढतंय का ते. तू आलीस की दाखवणार होतो."

"आणि वाढलं असतं तर? कोणाला दाखवलं असतंत? या घड्याळाला?"

"घड्याळ ओरडतंच रोज," काका हळूच म्हणाले. "मीच पुसतो."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आमोदनं याला खोटं म्हटलं हो. तुमच्यासमोर म्हटलं. आणि तुम्ही म्हणू दिलंत!" असं म्हणून त्या रडत रडतच चपला शोधायला लागल्या.

त्याच संध्याकाळी दोघं डॉक्टरांकडे गेले. छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. पट्टीवरही तेच आलं, जे मी इतके दिवस सांगत होतो. डॉक्टर म्हणाले, "अशानं आत रक्ताची गुठळी होते. ती डोक्यात गेली असती तर हात-पाय लुळे पडले असते. आलात ते बरं केलंत. आता गोळ्या नेमानं घ्या आणि लपवाछपवी बंद." काकांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली.

काकूंनी जाणं थोडं लांबवलं आणि काकांची गाडी रुळावर आल्यावरच निघाल्या. आमोद लॅपटॉप घेऊन वडिलांकडे राहायला आला. त्यानं मला सॉरीबिरी काही म्हटलं नाही. पण रोज सकाळी काका अंघोळीला गेले की तो स्वतः मला चार्जरला लावतो आणि पेरभरही इकडेतिकडे सरकू देत नाही. माझ्या जागी आणायचं नवीन घड्याळ कुठे गेलं, ते मी विचारलं नाही.

निघायच्या आधी काकूंनी मला आपल्या हातावरून काढून काकांच्या हातावर बांधलं होतं. "हवालदार," एवढंच म्हणाल्या.

आता रोज दुपारी बंगळुरूहून व्हिडिओ कॉल येतो. काका आधी तोंड दाखवायला जातात, तर काकू म्हणतात, "तोंड नंतर. आधी मनगट." परवा तिकडून एक इवलीशी मूठ फोनसमोर आली. स्पृहाची लेक! काकू तिला म्हणाल्या, "बघ गं, आजोबा बघ." काकांनी मला फोनसमोर धरलं. मी घाईघाईनं नाडी मोजली, कारण अशा वेळी माझा माणसांच्या काळजावर मुळीच विश्वास नसतो. जरा धावत होती. पण एकही ठोका चुकला नाही.

मित्रांनो, माझी ही बॅटरीही एक दिवस थकेल आणि मग तिसरी घालायला कोणी मिळणार नाही. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. फक्त एक करा. घरातलं जुनं यंत्र भलतंसलतं सांगायला लागलं, तर त्याला खोटं पाडायची घाई करू नका. बॅटरी बदला, चार्जर तपासा. आणि तरीही ते तेच सांगत राहिलं, तर घरात कोण गप्प बसलंय ते बघा आणि त्याचा हात धरा.