पुढचे दोन नवे

"हे चार घेऊन टाका," फुलाबाई म्हणाली आणि लुगड्याचा पोत पाहावा तसा तिने टायर बोटांनी दाबून पाहिला. "बगा की, कसलं जाडजूड हाय. जलमभर झिजायचं न्हाय."

"अगं, ट्रॅक्टरवानी दिसतंय ते," बिरप्पा कळवळून म्हणाला. "माज्या गाडीला न्हाय शोभायचं."

"शोभायचं म्हंजे? नवरीला दागिनं घालताय व्हय?"

पंक्चर काढायला थांबलेले दोघेतिघे हसले. विजापूर वेशीजवळच्या दस्तगीरभाईच्या त्या दुकानात बायका सहसा येत नसत. आज मात्र बिरप्पा टॅक्सीवाला बायको आणि लेक दोघींना घेऊन आला होता. दस्तगीरभाईने आतून लाकडी बाकडे आणवले होते, त्यावरची धूळ स्वतःच्या खांद्यावरच्या फडक्याने झटकली होती. पण फुलाबाई बसायला तयार नव्हती. ती दुकानभर फिरून एकेका टायरला हात लावत होती. बाकड्यावर बसली होती ती फक्त प्रभा.

"बस्ता बांधने आए क्या रे बिरप्पा?" दस्तगीरभाईने विचारले. "शादी कब है पोरीकी?"

"लगीन न्हाय, भाई," फुलाबाई तिकडूनच म्हणाली. "नोकरी हाय. नर्स झाली आमची प्रभा. करकंबच्या सरकारी दवाखान्यात. सोमवारी हजर व्हायचंय."

"अरे वा!" दस्तगीरभाईचे डोळे मोठे झाले. "मग तर चहा पाहिजे." आणि त्याने समोरच्या हॉटेलाकडे बघून बोटे वर केली.

बिरप्पाची गाडी म्हणजे एक जुनी फियाट. रंग मुळात कुठला होता हे त्यालाही आता नक्की सांगता आले नसते. सोलापूर स्टेशनसमोर ती वीस वर्षांच्या आसपास उभी राहत आली होती. पूर्वी मोठ्या गाड्यांचे टॅक्सीवाले तिला हसत. पुढे पेट्रोल एकदम महागले, तसे ते हसायचे थांबले. त्यांच्या गाड्या झाडाखाली उभ्या राहू लागल्या आणि बिरप्पाची चिमुकली फियाट मात्र अक्कलकोट, मैंदर्गी, तुळजापूर अशी फिरतच राहिली. तिच्या अ‍ॅव्हरेजचा त्याला फार अभिमान होता. चढ कुठे लागणार, म्हशी कुठे आडव्या येणार, हे तो लांबूनच हेरायचा आणि आधीच पाय सैल करायचा. ब्रेक लावावा लागला म्हणजे ड्रायव्हरचे चुकले, असे त्याचे मत होते. स्टँडवरची मंडळी म्हणायची, बिरप्पा गाडी चालवत नाही, तिला समजावतो.

पण कितीही समजावले तरी टायर झिजायचे ते झिजलेच होते. मागच्या आठवड्यात पुढच्या डाव्या टायरमधून आतले दोरे दिसायला लागले. चारही टायरना टक्कल पडले होते. प्रभाच्या नेमणुकीचा हुकूमही त्याच आठवड्यात आला.

"मी एस्टीने जाते, आबा," प्रभा म्हणाली होती. "ट्रंक आणि वळकटी, एवढंच तर सामान आहे."

त्यावर बिरप्पा जेवता जेवता ताटावरून उठायलाच निघाला. "सगळ्या गावाच्या पोरी मी पोचवल्या. कुणी सासरी, कुणी माहेरी, कुणी बाळंतपणाला. आन माजी पोरगी एस्टीनं जाणार? स्टँडवर तोंड कसं दाखवू?"

म्हणून आज हे दुकान.

चहा आला. बिरप्पाने बशीत ओतला, पण त्याची नजर भिंतीवर वर टांगलेल्या चार कोऱ्या टायरवर होती. काळेभोर, अंगावर बारीक रबरी केस अजून तसेच. त्यांचा वास खालपर्यंत येत होता.

"चार ते द्या," तो हळूच म्हणाला.

"चार नक्को," दस्तगीरभाई म्हणाला. "तुज्या गाडीची उमर काय, टायरची काय? आणि चार घेतले तर घरात काय खाणार?"

"मग ह्येच घ्या की," फुलाबाईने पुन्हा त्या जाड्याला थाप मारली. जुन्या टायरवर नवे रबर चढवलेला तो टायर होता. त्याची नक्षी खरोखरच शेतात चालणाऱ्या चाकासारखी खोल होती.

"वहिनी, झिजणार नाय, ते खरं," दस्तगीरभाई म्हणाला. "पण रस्त्याला चिकटून चालेल. घूं घूं आवाज करेल. आणि पेट्रोल पिईल पाण्यासारखं."

पेट्रोलचे नाव काढताच बिरप्पाने बशी खाली ठेवली. "ऐकलं? नगं म्हंजे नगं."

"मग काय ते तुमीच ठरवा! दोन दिस झोपंत बी टायर टायर करताय."

नवराबायकोची चांगलीच जुंपली. बिरप्पा म्हणे नवे, फुलाबाई म्हणे पोरीच्या संसाराला स्टोव्ह घ्यायचाय, भांडी घ्यायचीत. पंक्चरवाल्या गिऱ्हाइकांपैकी एकाने नव्याची बाजू घेतली, दुसऱ्याने जुन्याची. दस्तगीरभाई मजेत गालातल्या गालात हसत होता.

"चाचा," प्रभाने मध्येच विचारले, "गाडी चालू असताना टायर फुटला, तर कुठला फुटल्यावर गाडी उलटते?"

दस्तगीरभाईने हसू आवरले.

"पुढचा, बेटी. पुढचा गेला की स्टेअरिंग हातात राहत नाही. मागचा गेला तर गाडी डुलते, पण सांभाळता येतं."

"मग पुढं दोन नवे लावा. मागं रबर चढवलेले, पण असले खोल नक्षीचे नकोत, साधे." आणि आईकडे वळून ती म्हणाली, "आमच्या वॉर्डातपण असंच असतं, आई. जीव जिथं अडकलाय तिथं आधी बघायचं."

फुलाबाईने पदर सावरला. बिरप्पाने एकदा लेकीकडे पाहिले, एकदा दस्तगीरभाईकडे.

"काढा," तो म्हणाला. "वरचे दोन काढा."

मागच्यासाठी दस्तगीरभाईने आतून स्वतः निवडून दोन टायर आणले. एकेक उजेडात धरून आतून बाहेरून हात फिरवून दाखवला. बसवून झाल्यावर फुलाबाईने पदराच्या गाठीतली हळदकुंकवाची पुडी सोडली आणि पुढच्या दोन्ही टायरना बोट लावले. "मागच्यांनी काय पाप केलं?" असे कुणीतरी म्हणाले, तेव्हा तिने हसत हसत मागेही जाऊन लावले.

सोमवारी पहाटे फियाट निघाली. टपावर ट्रंक, वळकटी आणि नवा स्टोव्ह. फुलाबाईने गिरणीतून चार दिवसांची रजा काढली होती, लेकीचे बिऱ्हाड लावून देण्यासाठी. बाळे गावाच्या पुढे उजाडले. गाडी नव्या टायरवर इतकी हलकी चालत होती, की बिरप्पा मधूनच खुशीत मान डोलावत होता.

मोहोळला त्याने गाडी थांबवली आणि खाली उतरून मागच्या टायरवर हात ठेवला. मग दुसऱ्यावर. चढवलेले रबर तापते, हे त्याला माहीत होते.

प्रभाने खिडकीतून डोके काढले. "ताप आहे का, आबा?"

"किरकोळ हाय," बिरप्पा गंभीरपणे म्हणाला. "गोळी नगं." आणि मग तिघेही इतके हसले, की रस्त्यावरचा पेरूवाला बघत राहिला.

करकंबला पोहोचले, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर माणसे गोळा झालेली दिसली. त्यांना वाटले, डॉक्टरच आले गाडीतून. मथुराबाई नावाची दवाखान्याची म्हातारी आया धावत आली. डॉक्टर जीप घेऊन लांबच्या गावी लस टोचायला गेले होते. आत मळ्यातली एक पोर बाळंतपणासाठी आणलेली होती, रात्रीपासून अडलेली. तिची सासू बजाबाई दाराशी उकिडवी बसून होती.

प्रभाने चपला काढल्या, हात धुतले आणि आत गेली. ट्रंक अजून टपावरच होती.

ती बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. बिरप्पाने तो चेहरा कधी पाहिला नव्हता.

"मूल आडवं आहे. इथं होणार नाही, पंढरपूरला मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. आबा, गाडी."

"व्हय," बिरप्पा म्हणाला. एवढेच. टपावरचे सामान त्याने आणि फुलाबाईने मिळून खाली उतरवले आणि फुलाबाई सामानापाशीच थांबली.

पोरीला मागच्या सीटवर आडवे केले. प्रभा खाली, दोन सीटच्या मधल्या जागेत गुडघ्यावर बसली. बजाबाई पुढे.

"लवकर पोचायचंय, पण धक्का नको," प्रभा म्हणाली. "एकही नको."

रस्ता खडीचा होता. दोन्ही बाजूंनी बाभळी, मधे कालव्याच्या पुलाचे उंचवटे. बिरप्पाने आयुष्यात पेट्रोल वाचवण्यासाठी जे जे केले होते, ते सगळे त्या दिवशी त्याच्या पायात उतरले. खड्डा यायच्या आधीच गाडी सैल व्हायची. उसाची गाडी दिसली, की लांबूनच बाजू बघून ठेवायचा. पुढची चाके तो म्हणेल तिथे वळत होती, दगडावरून सरकत नव्हती. मागून त्या पोरीचे कण्हणे येत होते आणि त्यावर प्रभाचा आवाज. "श्वास घे. आता सोड. माझ्याकडे बघ. हां, अशी." त्या आवाजाचे कुणीही ऐकले असते. ही आपली प्रभी, जी झुरळाला घाबरून खाटेवर चढायची, हे त्याला खरे वाटेना.

"अजून किती, आबा?"

"पंढरपूरची येस आली की. झालंच."

एकदा मागून काहीतरी टर्र वाजले आणि त्याने खिडकीतून मान काढून मागच्या चाकाकडे पाहिले. पण ती फक्त खडी होती, मडगार्डला लागलेली. टायर चालत राहिले.

दवाखान्याच्या आवारात स्ट्रेचर आले, पोरीला आत नेले, प्रभा तिचा हात धरून चालत गेली. दार बंद झाले. बिरप्पाने पहिल्यांदा कपाळ पुसले. मग गाडीभोवती फिरून चारही चाकांवर हात ठेवून पाहिला. मागची दोन चांगलीच गरम होती. पुढची कोमट. त्याने हापशावरून बादली भरून आणली आणि थोडे थोडे पाणी मागच्यांवर सोडले.

बजाबाई झाडाखाली बसली होती. "पालखीतनं आणल्यावानी आणलंत, दादा," ती म्हणाली. बिरप्पाने पुढच्या चाकाकडे बोट दाखवले. "टायर नवं हायत," तो म्हणाला.

ऊन उतरायला लागले, तेव्हा प्रभा बाहेर आली. केस विस्कटलेले, पातळावर डाग, आणि चेहराभर हसू.

"मुलगी झाली. दोघी छान आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं."

बजाबाईने तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली आणि रडायला लागली. मग हसायला लागली. मग बिरप्पाच्याही तोंडावरून हात फिरवला.

"चल, करकंबला सोडतो तुला," बिरप्पा म्हणाला.

"नको, आबा. आमची जीप येते आहे, निरोप आलाय. बाळंतीण नीट सावरल्याशिवाय मी हलणार नाही. तुम्ही निघा, उजेड आहे तोवर घरी पोचाल. करकंबला आई आहेच सोबतीला, काळजी करू नका."

"चा तरी घे माज्यासंगं."

"आत दिलाय मला." ती जायला वळली, मग पुन्हा आली. वाकून तिने त्याच्या पायाला हात लावला, आणि ती उठतेय तोच आतून कुणीतरी हाक मारली, "सिस्टर!"

"आले," ती म्हणाली आणि धावत गेली.

बिरप्पा थोडा वेळ त्या दाराकडे बघत राहिला. मग त्याने गाडीची मागची सीट ओल्या फडक्याने पुसून काढली, काचा खाली केल्या, दार लावले. तो गाडी घेऊन निघाला, तर फाटकाशी एक म्हातारा आणि म्हातारी गाठोडे घेऊन उभी होती. म्हाताऱ्याने हात वर केला.

"सोलापूरला जायचं हाय, दादा. टॅक्सी रिकामी हाय का?"

बिरप्पाने वळून एकदा पुसलेल्या मागच्या सीटकडे पाहिले.

"व्हय," तो म्हणाला आणि हात लांब करून मागचे दार उघडले. "आत्ताच झाली."