दगडासारखे दंड

धाकटी एका दैनिकात आरोग्याचं पान पाहायची. अमुक केल्याने तमुक बरं होतं, असं कोणी लिहून पाठवलं की तिची पेन्सिल चालायची: कशावरून? कोणी तपासलं? उत्तर आलं नाही की वाक्य उडालंच. कचेरीत तिला पाठीमागे ‘कशावरूनबाई’ म्हणत.

त्याच बाईला मोबाइलवर एक व्यायामवाला सापडला. दगडासारखे दंड, खणखणीत आवाज. “गुडघा दुखतो? मग आणखी वाका! दुखतंय म्हणजे लागू पडतंय!” तिने थोडे दिवस उठाबशा काढल्या, अंग हलकं वाटलं, आणि ती थेट ताईकडे पोचली. जिना चढताना ताईचा गुडघा कुरकुरायचा.

“मला झेपेल का गं?”

“न झेपायला काय झालं?”

“तू म्हणतेस म्हणजे बरोबरच असणार. तुझं तर कामच ते.” ताईने खुर्चीची पाठ धरली आणि वाकायला लागली.

पुढे ताईचा फोन आला. “फार दुखतंय गं.”

“दुखणारच. आता मध्येच सोडू नकोस,” धाकटी मथळा जुळवता जुळवता म्हणाली.

ताईने सोडलं नाही. मग एका सकाळी तिला पलंगावरून उठताच येईना. गुडघा टम्म फुगलेला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो हलकेच दाबून पाहिला. “इतकं खोल वाकायला कोणी सांगितलं?”

धाकटी शेजारीच उभी होती. ती तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, “मीच कुठेतरी पाहिलं हो.”

“आणि लगेच केलंत? सांगणारा काय शिकलाय, पाहिलंत? त्याला तुमचा गुडघा माहीत होता?” बाई चांगल्याच रागावल्या. ताई खाली मान घालून ऐकत राहिली. धाकटीने ताईला धरून बाहेर आणलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मात्र तिला राहवेना. ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय’ हे वाक्य तिच्या पानावर आलं असतं तर तिने कधीच उडवलं असतं. ती उठून परत आत गेली.

“ते मी सांगितलं होतं. दुखतंय म्हणाली, तरी कर म्हटलं.”

“तुम्ही काय करता?”

तिने आरोग्याच्या पानाचं सांगितलं, मोबाइलवरच्या व्यायामवाल्याचंही. बाईंनी विचारलं, “आणि त्या माणसाचं काय पाहून विश्वास ठेवलात?”

“दंड,” ती कसंबसं म्हणाली.

सूज हळूहळू उतरली. धाकटीने माफी मागितली, तर ताई म्हणाली, “सोड गं, मुद्दाम थोडंच केलंस?”

एका संध्याकाळी धाकटी भेटायला गेली, तेव्हा ताई फोनवर फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारत होती: सपाट रस्त्यावर चालू का? बूट कसले घेऊ?

फोन ठेवल्यावर धाकटी म्हणाली, “बुटांचं मला विचारायचंस ना.”

ताई गडबडली. “तुला कामं असतात. उगाच कशाला त्रास,” ती नजर चुकवत म्हणाली, आणि कठडा धरून वरच्या खोलीत निघाली.

धाकटी खालीच बसून राहिली.