खिडकीचा उजेड

नाशिकच्या नीला आत्यानं पस्तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढली होती, त्यामुळे फोनवरचं 'मी ठणठणीत आहे' तिला पुरत नसे. तिचा भाऊ विनायक दोन आठवडे जेवण टाळत होता, पट्टा दोन भोकं आत गेला होता, आणि डॉक्टरचं नाव काढलं की त्याला ऑफिसची एखादी फाइल आठवायची. शेवटी आत्यानं फर्मावलं, की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिघांचा फोटो पाठवा, चांगल्या उजेडातला. दिल्लीला यायचं की नाही, ते ती फोटो बघून ठरवणार होती.

विनायकरावांनी हे काम फाइलसारखं मुलाकडे, सुधन्वाकडे, मार्क केलं. फोटोत मी तंदुरुस्त दिसलो पाहिजे, बाकी तू बघ. सुधन्वा गुडगावच्या एका फर्निचर कंपनीसाठी सोफ्यांचे फोटो काढायचा. कुठल्याही सोफ्याला त्यानं आजवर थकलेला दिसू दिलं नव्हतं.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दुपारी दोनला, कॅमेऱ्याला टायमर लावून, शूटिंग सुरू झालं. पहिल्या फोटोत बाबा पिवळे आले, बाकीचे दोघंही. सुधन्वानं बल्बला दोषी ठरवलं आणि घरातले सगळे दिवे बंद केले. दिवाळीत घर अंधारात ठेवल्याबद्दल आई, हेमलता, पुटपुटली. त्यानं बाबांना खिडकीशी बसवलं. बाहेर दिल्लीची हवा इतकी दाट होती की ऊन गाळलं जाऊन, मऊ होऊन आत येत होतं. असला पडदा स्टुडिओत भाड्यानं आणावा लागतो. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला सावली पडू नये म्हणून त्यानं कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पांढरी चादर टाकली.

बाबा पिवळेच आले.

मग आईची साडी. हळदी रंगाची साडी शेजारी असली की तिची झाक चेहऱ्यावर पडते, हे खरंच आहे. आई कुरकुरत निळी नेसून आली. मग उटणं. बाबांनी साबणानं तोंड धुतलं, दोनदा. एवढं धुतल्यावर ते दमून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अजून काय काय पुसायचंय?"

सुधन्वानं फोटो मोठा करून पाहिला. चादर पांढरी होती. भिंत पांढरी होती. आईच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरं होतं.

"आई, बाबा अजूनही पिवळे दिसतायत."

"पुरे झालं," आई वैतागली. "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, त्यातली गत तुझी."

ही म्हण सुधन्वानं लहानपणापासून ऐकली होती. कावीळ म्हणजे कावळ्याची बायको असावी, असं तो चोवीस वर्षं धरून चालला होता. तिला काय होतं आणि मग पिवळं का दिसतं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"कावीळ म्हणजे काय गं?"

"अरे, पीलिया," आई सहज म्हणाली.

आणि थांबली. मराठीत ती म्हण होती. हिंदीत तो शेजारच्या ब्लॉकमधल्या वर्माजींना झालेला आजार होता. वर्माजी महिनाभर हॉस्पिटलात होते. ती नवऱ्याजवळ गेली, त्याचं तोंड खिडकीकडे करून हनुवटी वर केली आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली.

"बल्ब लाव रे," बाबा हळूच मुलाला म्हणाले. "त्यात सगळेच पिवळे दिसतो. तो पाठव."

फोटो दोन्ही होते. बल्बचा खरोखर सुंदर आला होता, तिघं एका रंगाचे, सणासुदीचे. सुधन्वाला त्यातल्या बाबांकडे बघत राहावंसं वाटलं. त्यानं खिडकीचा पाठवला.

आत्याचं उत्तर मिनिटात आलं. 'दिवा कुठला होता?'

'दिवा नाही. खिडकी.'

बराच वेळ ती टाइप करत राहिली. आलं एवढंच, 'आत्ता इमर्जन्सीत घेऊन जा. मी निघते.'

"दिवाळीत तिला रिझर्वेशन मिळायचं नाही," बाबा समाधानानं म्हणाले. आई तोवर खाली वाकून त्यांच्या पायात बूट घालत होती.