जमारिसला घरी आणलं

दारनीसने मुद्दामच चाळिसावा दिवस उजाडू दिला. भावजय गेली त्याच्या आठव्या दिवशीच पानसुपारीचं तबक घेऊन धाकट्या भावाला, जमारिसला, आणायला जाता आलं असतं. सगळं कोतो लादांग गाव तसंच करतं. घर बायकांचं, जमीन बायकांची. बायको मेली की नवऱ्याचं तिथलं अन्नपाणी संपलं. मग बहिणीने जावं, तबक पुढे सारावं, आमचा माणूस परत द्या म्हणावं आणि त्याला आईच्या घरी आणावं. चाळीस दिवसांत कुणीच आलं नाही, तर गड्याने आपली पेटी आपणच उचलायची आणि मरेपर्यंत मशिदीच्या ओट्यावर पथारी टाकायची. जमारिसला त्या ओट्यावर पडलेला बघायची दारनीसला फार हौस होती, खोटं कशाला बोला! पण लोक थुंकले असते ते आईच्या घरावर. म्हणून शेवटच्या दिवशी ती निघाली.

"पायरी हलतेय, जपून उतर," वरून मालिन म्हणाला. मालिन तिचा नवरा. छपरावर बसून नवे पत्रे ठोकत होता. एवढं बोलण्यापुरते तोंडातले खिळे त्याने हातात घेतले आणि पुन्हा ओठांत धरले. चौतीस वर्षांत खांबांवर उभ्या त्या लाकडी घराची एकेक फळी त्यानेच बदलली होती. रीतीने हे काम भावाचं. बहिणीच्या घराचा कर्ता तो, शेवटचा शब्द त्याचा, डागडुजीही त्याचीच. पण आमचे कर्ते तिकडे लांब बेकासी शहरात खानावळ चालवत होते ना! बहिणीच्या घराला त्यांनी काय दिलं? दर वर्षी एक कॅलेंडर. त्यावर मांसाच्या रेंदांगच्या पातेल्याशेजारी हात बांधून उभे स्वतः. दारनीस त्या कागदांवर सुकट वाळवायची.

जमारिस ईदला यायचा तेव्हा भाड्याच्या गाडीतून यायचा आणि वर चढायचासुद्धा नाही. "ताई, तुझ्या त्या जिन्यावर माझा पाय मोडायचा," असं खालूनच ओरडायचा आणि भुर्रकन नदीपलीकडे बायकोच्या आळीत जायचा. तिथे त्याने बंगला बांधला होता. गुलाबी फरशी, आठ खांब, आणि फाटकावर पितळी अक्षरांत स्वतःचं नाव. सगळं बायकोच्या घराण्याच्या जमिनीवर. माणूस परमुलखात गेला की शहाणा होतो म्हणतात. हा बेकासीपर्यंत जाऊन, खानावळ विकून, होतं नव्हतं तेही त्या बंगल्यात हरवून आला.

चुलतबहीण रामलाहला बरोबर घेऊन दारनीस फाटकाशी पोहोचली. बघते तर काय, जमारिस स्टुलावर चढून पितळी अक्षरं उचकटत होता. साठीचा माणूस, घामाने निथळलेला. निम्मं नाव फाटकावर, निम्मं खिशात. ओसरीत त्याच्या बायकोच्या बहिणीची मुलगी देस्मी हाताची घडी घालून उभी होती. जमारिसला पोरगी नव्हती, म्हणून घर आता देस्मीचं.

"काका, ती अक्षरं न्या खुशाल," देस्मी म्हणाली. "पण पंखा पुन्हा लावून द्या. आणि नळ."

"माझ्या पैशाचा नळ आहे!" जमारिस ओरडला.

"हो ना. पण नळ भिंतीत आहे, भिंत जमिनीवर आहे आणि जमीन आजीची."

रामलाह ओढणीआड फिसकन हसली. दारनीसने हसू दाबलं नाही. तबक ओसरीवर ठेवलं, ठरलेले चार शब्द बोलली आणि मग भावाकडे वळली.

"उतर खाली, मेल्या. लाज विकलीस की तीही इथेच भिंतीत बसवलीस?"

"ताई, चाळीस दिवस लावलेस तू." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "रोज फाटकाशी बसत होतो. आज पेटी बांधून ठेवली होती."

दारनीसने पेटी उचलायला हात पुढे केला. पण क्षणभरच. तिला तो जिना आठवला, गाडीचा धुरळा आठवला.

"बसणारच! तुला सांगते, जमारिस, बायकोच्या जागेवर घर उभारणारा गडी आणि दुसऱ्याच्या शेतात चिखल तुडवणारा रेडा, दोघांत फरक एकच. रेड्याला संध्याकाळी कुणीतरी न्यायला येतं."

देस्मीसुद्धा खळखळून हसली. जमारिस स्टुलावरून उतरला. खिशातली अक्षरं वाजवत, पेटी उचलून दोघींच्या मागून चालू लागला. नदीवरच्या पुलावर भेटेल त्याला दारनीस थांबून ते वाक्य ऐकवत होती. काय करणार, बाईला जमून गेलं होतं वाक्य!

घरी आल्यावर अंगणात शेजारणी जमलेल्याच होत्या. जमारिसला तिने जिन्यावर आधी चढवलं, पाय मोडतो का ते बघायला. मोडला नाही. आत त्याने विचारलं, "माझी खोली कुठली?"

"पुरुषाला खोली कधी होती इथे? त्या खांबापाशी चटई टाकलीय. लहानपणी ताप आला की तिथेच निजायचास."

मग बाहेर येऊन तिने बायकांना साग्रसंगीत सगळं सांगितलं. स्टूल, घाम, नळ. शेवटी कमरेवर हात ठेवून ते रेड्याचं वाक्य, चांगलं खणखणीत आवाजात. बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या.

छपरावरचा हातोडा थांबला.

आधी तिच्या लक्षात आलं नाही. मग रामलाहने हसू आवरून वर बघितलं, तेव्हा दारनीसनेही बघितलं. मालिन पत्र्यावर बसून होता, हातोडा मांडीवर. त्याला एकच बहीण होती, ती तीन वर्षांपूर्वी वारली. तिचं घरही पडलं. दारनीस आधी गेली तर घर पोरींचं होणार, रीतीने बापाला तिथे जागा नाही, आणि त्याला न्यायला येणारं या जगात कुणी नव्हतं. हे दारनीसला ठाऊक नव्हतं असं नाही. तिने कधी मनावर घेतलं नव्हतं, एवढंच.

शेजारणी कामं आठवून भराभर निघून गेल्या. दारनीस आत धावली.

"जमारिस, तू या घराचा कर्ता आहेस. एक शब्द दे. मी आधी गेले तर मालिन इथेच राहील. कुणी त्याला उठवायचं नाही. तू सांगितलंस की माझ्या पोरी तुझा शब्द मोडायच्या नाहीत."

जमारिस खांबाला टेकून चटईवर पितळी अक्षरं मांडत होता. त्याने मान वर केली. तीस वर्षांत पहिल्यांदा बहीण त्याच्याकडे काही मागत होती.

"ताई, मी बापडा रेडा. मला काय विचारतेस?"

"तोंड सांभाळ. ते तुला बोलले होते मी."

"मलाच बोललीस ना? मग तो वर का गप्प झाला?" एक अक्षर त्याने बाहीला पुसलं. "रीत म्हणजे रीत. मला चाळीस दिवस फाटकाशी बसवलंस. त्यालाही बसू दे. निदान बसायला फाटक तरी बांधा."

"नालायका! आईच्या घरात बसून असं बोलतोस?" दारनीस कडाडली. जमारिस पुन्हा अक्षरांत गुंतला.

बाहेर शिडी करकरली. मालिन खाली उतरला, रांजणापाशी गेला, हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतले. दारनीस जिन्यावर उभी होती. तिला पुष्कळ बोलायचं होतं. 

"अहो, ते मी त्याला..."

"ऐकलं मी," तोंडातले खिळे हातात काढून घेत मालिन म्हणाला. रागावलेला नव्हता. "कॉफीच्या पाल्याचा काढा ठेव, घसा सुकलाय. दोन पत्रे राहिलेत."

"उद्या ठोकाल ना?"

"भावाला सांग. घर त्याच्या बहिणीचं आहे."

हातातले तीन खिळे त्याने तिच्या तळहातावर ठेवले आणि तो विहिरीकडे चालता झाला. खिळे अजून ओले होते. आतून जमारिसने हाक मारली, "ताई, इथे वरून ऊन येतंय गं."